‘इतर’ या खणातील पुस्तक

मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोड या दोन स्थानकांच्या मध्ये चिंचपोकळी येते. चिंचेची आणि पोफळीची झाडे येथे होती म्हणून हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगत. झाडे गेली आणि गिरण्या आल्या. पुढे गिरण्यांचे भोंगेही थांबले. मात्र चाळीच्या एका खोलीत आठदहा माणसे राहत असतानाही भिंतीवरच्या फळीवर पाचपन्नास पुस्तके जपणारी कुटुंबे या वस्तीत होती, आणि त्यांत आपली कॅथलिक कुटुंबेही होती.

अशाच एका कुटुंबातील निवृत्त शिक्षक काही वर्षांपूर्वी देवाघरी गेले. त्यांच्या मुलांनी पुस्तकांनी भरलेली एक पत्र्याची पेटी आमच्या स्वाधीन केली. तीत बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ होते, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ होती, काही प्रार्थनापुस्तके होती आणि पाने पिवळी पडलेले ‘ख्रिस्तपुराण’ होते. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरीत प्रसिद्ध केलेले. प्रत्येकाच्या घरी जागेची अडचण. तेव्हा आम्ही ती पुस्तके जवळच्या एका वाचनालयाला दिली.

महिनाभराने आम्ही सहज पाहावयास गेलो. ‘यमुनापर्यटन’ कादंबऱ्यांत आणि ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रांत मानाने विराजमान झाली होती. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र सापडेना. काव्याच्या कपाटात ते नव्हते. ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांच्या ओळीतही नव्हते. शेवटी धर्मविभागाच्या अगदी तळच्या खणात, गुडघे टेकून पाहिल्यावर, ते मिळाले. खणावर हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती: ‘इतर धर्म’.

ग्रंथपाल सौजन्यशील गृहस्थ होते. ते म्हणाले, “पुस्तक येशू ख्रिस्तावर आहे, मग दुसरीकडे कोठे ठेवणार?” त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. ते शोधताना ज्या इतिहासात आम्ही शिरलो, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सात घरे आणि एक घर

ग्रंथालयातील पुस्तके विषयवार लावण्यासाठी प्रत्येक पुस्तकास एक क्रमांक देतात. त्यास वर्गांक म्हणतात. पुस्तकाच्या कण्यावर चिकटविलेल्या कागदावर तो लिहिलेला असतो. जगातील असंख्य ग्रंथालयांत हा वर्गांक ज्या दशांश पद्धतीने ठरतो, तिचा जनक मेल्विल ड्यूई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऍमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात तो काम करीत होता. १८७६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने चव्वेचाळीस पानांची एक पुस्तिका स्वतःचे नाव न घालता प्रसिद्ध केली. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येक वर्गाचे दहा विभाग आणि प्रत्येक विभागाचे दहा पोटविभाग, अशी तिची सुटसुटीत रचना होती.

या रचनेत २०० हा अंक धर्माचा. त्यातील २२० बायबलसाठी. २३० ते २८० हे ख्रिस्ती धर्मतत्त्व, भक्तिसाधना, ख्रिस्तसभेचे कार्य, तिचा इतिहास आणि तिचे पंथ यांसाठी. अशी सात घरे ख्रिस्ती धर्माला दिल्यावर उरलेल्या २९० या एका घरात जगातील बाकी सर्व धर्म बसविले गेले. आजच्या आवृत्तीतही हिंदू धर्म २९४.५ वर, यहुदी धर्म २९६ वर आणि इस्लाम २९७ वर आहे. चिंचपोकळीत ज्यांचे जुने कबरस्थान आहे त्या यहुदी बांधवांचा धर्म ख्रिस्ती धर्माहून प्राचीन. तरी त्याचीही गणना ‘इतरां’तच झाली.

यामागे ड्यूईचा द्वेषच होता असे म्हणता येणार नाही. ऍमहर्स्ट कॉलेज १८२१ साली धर्मोपदेशक घडविण्याच्या हेतूने स्थापन झाले होते. त्याच्या कपाटांत ख्रिस्ती ग्रंथ भरपूर आणि अन्य धर्मांचे थोडे. समोर जी पुस्तके होती, त्यांच्या मापाने त्याने घरे आखली. परंतु एका कॉलेजच्या कपाटाचे माप पुढे साऱ्या जगाचे माप झाले, आणि काशी, कैरो व कोलंबो येथील वाचकांनाही आपला धर्म शेवटच्या घरात शोधावा लागला.

आता आमच्या वाचनालयातील त्या चिठ्ठीकडे पुन्हा पाहू. ड्यूईच्या योजनेत ‘इतर’ म्हणजे हिंदू, मुसलमान, यहुदी. चिंचपोकळीच्या त्या खणात ‘इतर’ म्हणजे आपण. मांडणी करणारा बदलला की ‘इतर’ कोण हेही बदलते. शब्द मात्र तोच राहतो. ज्याच्या हाती चिठ्ठी लिहिण्याचे काम असते, तो स्वतःला कधीच ‘इतर’ म्हणत नाही.

सात घरे मिळाल्याने आपला तरी किती लाभ झाला? पंथांच्या विभागात रोमन कॅथलिकांना २८२ हा एक अंक मिळाला. भारतातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाला २७५.४ हा अंक आहे. संत थॉमसची परंपरा, वसईची चर्चे, गोव्याची मिशने, अहमदनगरचे मराठी ख्रिस्ती या सर्वांची सोय आधी त्या एका दशांशात. मग पुढे अंक जोडीत जावयाचे. सात घरे होती ती युरोप-अमेरिकेच्या ख्रिस्ती धर्माची. त्यांच्या दारावर आपल्या धर्माचे नाव होते, म्हणून आत आपली माणसे होती असे नव्हे.

एक ग्रंथ, अनेक पत्ते

‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा येशूसंघीय धर्मगुरू. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली त्याचा जन्म झाला. १५७९ मध्ये तो गोव्यास आला आणि १६१९ मध्ये गोव्यातच त्याचे देहावसान झाले. चाळीस वर्षे तो येथल्या लोकांत, येथल्या भाषांत राहिला. त्याचे पुराण १६१६ साली सासष्टीतील रायतूर, म्हणजेच राशोल, येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. दोन पुराणे मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. सतराव्या शतकातील त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी हा ग्रंथ जगविला. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात आहे. बंडेलूंच्या आवृत्तीनंतर १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांनी मुंबईत आणखी एक देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

हा ग्रंथ कोठे ठेवावा? येशूचे चरित्र म्हणून २३२ वर? बायबलच्या कथा म्हणून २२० वर? मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ वर? आपण मराठीत लिहीत आहोत आणि लोकांस समजावे म्हणून ब्राह्मणी कोकणीतील शब्द मिसळीत आहोत, असे स्टीफन्सने स्वतःच सांगितले आहे. मग कोकणी अभ्यासकानेही त्यावर हक्क सांगितला तर त्यास दोष कसा द्यावा? अडचण अशी की पुस्तक एक आणि त्यास ठेवावयाची जागाही एकच. माणसाला अनेक नाती असतात तशी पुस्तकालाही असतात. फळी मात्र त्यातले एकच नाते दाखवू शकते.

तथापि ड्यूईचा नियम येथे आपल्या बाजूचा आहे. काव्य, नाटक, कादंबरी या ललित कृती त्यांच्या विषयावर न जाता प्रथम भाषेवर आणि मग वाङ्मयप्रकारावर लावाव्यात, असा तो नियम. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली मद्रास येथे प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात तर हे अधिकच स्पष्ट आहे. त्यांच्या पद्धतीत वाङ्मयकृतीचा क्रमांक भाषा, प्रकार आणि लेखकाचे जन्मवर्ष यांनी बनतो. म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’ला मिळेल तो अंक सांगेल इतकेच: मराठी, काव्य, १५४९ साली जन्मलेला कवी. त्याचा देश कोणता आणि उपासना कोणती, हे तो विचारणार नाही.

‘ज्ञानेश्वरी’ धर्मग्रंथ आहे आणि काव्यही आहे. ती मराठी साहित्य आहे की नाही, असा प्रश्न कोणी काढीत नाही. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेले ते पुस्तक आत्मचरित्रांच्या फळीवर राहिले, आणि म्हणूनच चांगले आत्मचरित्र शोधणाऱ्या हजारो अख्रिस्ती वाचकांच्या हाती ते गेले. तेच ‘ख्रिस्ती’ अशी चिठ्ठी लावलेल्या खणात पडले असते, तर त्याच्यापर्यंत आपणच गेलो असतो. वेगळे कपाट हा कधी सन्मान वाटतो. पण ज्या कपाटापाशी फक्त घरचीच माणसे येतात, त्यातील दागिना कोण पाहणार?

सूचींचेही असेच आहे. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे एका माणसाने केलेले अजोड काम. त्यांच्या ऋणातून मराठी वाचक मुक्त होऊ शकत नाही. परंतु तिच्या पहिल्या भागाची कालमर्यादा १८०० ते १९३७ अशी आहे. सुरुवातीचे वर्ष १८०० ठरले की रायतूरच्या छापखान्यातील १६१६ चे पुराण आपोआप मर्यादेबाहेर जाते. कोणी त्यास वगळले नाही. केवळ रेषा तेथे ओढली गेली.

नाव आपले, अर्थ दुसऱ्याचा

वर्गांकाप्रमाणे विषयशीर्षकांचीही एक गंमत आहे, आणि ती मुंबईच्या कॅथलिकांना विशेष लागू पडते. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई, साष्टी, वसई या भागांतील मूळच्या कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले आणि ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. गोव्याहून आणि मंगळूरहून पोटासाठी आलेल्या धर्मबांधवांहून आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यामागील हेतू.

तिकडे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत ‘इंडियन’ हा शब्द अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी खर्ची पडला होता. कोलंबसाची चूक तालिकेत कायम झाली होती म्हणा ना! तेव्हा भारतीय माणसांसाठी, विशेषतः त्रिनिदाद-गयानासारख्या देशांत स्थायिक झालेल्यांसाठी, ‘ईस्ट इंडियन’ हे शीर्षक दीर्घकाळ चालविण्यात आले. म्हणजे साष्टीच्या एखाद्या तरुणाने परदेशातील ग्रंथालयात आपल्या समाजाचा शोध घेतला, तर त्याच्यापुढे त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांतील मजुरांचा इतिहास येणार. वाचनीय खराच, पण तो त्याच्या आजीचा नव्हे.

अशा शीर्षकांविरुद्ध सॅनफर्ड बर्मन या अमेरिकन ग्रंथपालाने १९७१ मध्ये एक पुस्तकच लिहिले. झांबियातील विद्यापीठात काम करीत असताना आफ्रिकन माणसांना अपमानकारक वाटणारे शब्द तालिकेत शीर्षक म्हणून मिरवत आहेत, हे त्याच्या ध्यानी आले होते. दुरुस्ती सहज होत नाही, हेही पुढे दिसले. कागदपत्रांवाचून देशात राहणाऱ्या स्थलांतरितांना ‘बेकायदा परके’ म्हणणारे शीर्षक बदलावे, असा आग्रह डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये धरला. २०१६ मध्ये ग्रंथालयाने ते मान्य केले, तोच अमेरिकेच्या संसदेत विरोध झाला. अखेर २०२१ मध्ये शीर्षक बदलले. दोन शब्दांसाठी सात वर्षे!

आपल्या अंगणातील कोकणी

येथवर आपण फिर्यादी म्हणून बोललो. आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात स्वतः उभे राहिले पाहिजे.

ड्यूईच्या भाषावर्गात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक यांना प्रत्येकी एक पूर्ण विभाग आहे. उरलेल्या जगाच्या भाषा ४९० मध्ये. मराठीला त्यात ४९१.४६ हा अंक मिळाला. कोट्यवधींच्या भाषेला दशांशचिन्हाच्या पलीकडे बसविले, म्हणून मराठी माणसाला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या अंकाच्या शेवटी पाहावे. मराठीच्या घरातील नववी खोली, ४९१.४६९, कोकणीची आहे. जिने इतरांच्या घरात कोपरा मिळाल्याची तक्रार करावी, तिच्याच कोपऱ्यात दुसरी भाषा पाहुणी म्हणून ठेवली आहे.

हा वादही मुंबईत जोमाने लढला गेला. कोकणी स्वतंत्र भाषा आहे, हे शणै गोंयबाब म्हणजे वामन वर्दे वालावलीकर यांनी मुंबईत राहूनच हिरिरीने मांडले. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या आश्रयाने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ उभे राहिले. त्याचे संचालक प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी कोकणी ही मराठीची बोली असल्याचे तितक्याच विद्वत्तेने प्रतिपादिले. गोव्यातील ख्रिस्ती मराठी वाङ्मय प्रकाशात आणण्यात प्रियोळकरांचा वाटा मोठा आहे, हे आपण विसरता कामा नये. पुढे साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले आणि १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. घटना बदलली, कण्यावरचा अंक मात्र मागे राहिला.

आणि ग्रंथांची प्रतवारी करण्यात आपली ख्रिस्तसभा तरी मागे कोठे होती? १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची पहिली रोमन सूची निघाली. ती १९६६ मध्ये रद्द झाली. गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. ज्या भूमीत स्टीफन्सने ओव्या रचल्या, तेथेच त्या भाषेवर बंदीची वेळ आली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा आदर करण्याचे शिकविले. पण त्या घोषणापत्राच्या शीर्षकातही ‘ख्रिस्तेतर धर्म’ हाच शब्द आहे. ‘इतर’ हा शब्द भल्याभल्यांच्या लेखणीतून सुटत नाही.

दुरुस्ती का रखडते

चूक दिसते, मग लगेच सुधारत का नाहीत? याचे उत्तर साधे आहे. अंक बदलला की प्रत्येक ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाची चिठ्ठी खरवडावी लागते, तालिकेतील पत्रे नव्याने लिहावी लागतात, फळ्या हलवाव्या लागतात. म्हणूनच ड्यूईने १८८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत अंक यापुढे स्थिर राहतील असे आश्वासन दिले होते. ग्रंथपालांची सोय आणि वाचकांचा न्याय यांत तेव्हापासून ओढाताण चालू आहे.

तरीही पावले पडली आहेत. रंगनाथन यांनी धर्मवर्गात वैदिक व हिंदू धर्मांपासून आरंभ करून जैन, बौद्ध, यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम यांना आपापले अंक दिले. त्यांनीही मोजणी आपल्या घरापासूनच सुरू केली, हे खरे. पण ख्रिस्ती धर्माला त्यांनी ‘इतरां’त ढकलले नाही. सार्वत्रिक दशांश वर्गीकरणाने २००० साली धर्माचा वर्ग संपूर्ण नव्याने रचला आणि त्यात भारतीय धर्म, बौद्ध, यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम असे शेजारी शेजारी बसले. ड्यूईच्या पद्धतीत १९९६ च्या एकविसाव्या आणि २००३ च्या बाविसाव्या आवृत्तीत, २०१ ते २०९ हे अंक ख्रिस्ती धर्माकडून काढून सर्व धर्मांच्या सामाईक विषयांना देण्यात आले. मात्र २२० ते २८० ही घरे अद्याप जेथल्या तेथे आहेत. स्वतः ड्यूईच्या क्लबात यहुद्यांना प्रवेश नसे. २०१९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले. नाव काढणे सोपे, अंक बदलणे कठीण.

ख्रिस्ती म्हणून या दुरुस्त्यांचे आपण स्वागतच करावे, असे आम्हांस वाटते. सात घरांपैकी काही गेली तर आपले काही जात नाही. ती आपली कधी नव्हतीच. आपल्याला हवी आहे ती मराठी काव्याच्या ओळीतली एक जागा.

आपले कपाट

आम्ही पुन्हा त्या वाचनालयात गेलो आणि ग्रंथपालांना उत्तर दिले. त्यांनी सारे शांतपणे ऐकले. “काव्यात ठेवतो,” ते म्हणाले, “आणि तालिकेत दोन पत्रे जास्त घालतो, एक ख्रिस्ती धर्माचे आणि एक कोकणीचे. फळी एकच दाखवील, पण तालिका तिन्ही वाटा दाखवील.” ते काम त्यांनी आमच्यादेखत केले. ‘इतर धर्म’ ही चिठ्ठीही काढली आणि प्रत्येक धर्माचे नाव लिहिलेल्या चार लहान चिठ्ठ्या लावल्या.

निघताना त्यांनी सहज विचारले, “तुमच्या चर्चमध्येही पुस्तकांचे कपाट असेल ना? ते कसे लावले आहे?”

आम्ही रविवारच्या मिस्सानंतर ते कपाट उघडले. वरचे दोन खण इंग्रजी, मधला मराठी. तळाच्या खणात गोव्याच्या आणि मंगळूरच्या कुटुंबांनी वेळोवेळी दिलेली कोकणी गीतपुस्तके आणि प्रार्थनापुस्तके आडवी रचून ठेवलेली होती. खणावर आमच्यापैकीच कोणाच्या तरी वळणदार अक्षरात एक शब्द होता: ‘इतर’.

चिठ्ठी काढावयास एक मिनिट लागले. पुस्तके लावावयास मात्र संध्याकाळ झाली. कारण कोणते पुस्तक कोणाचे आणि कशाविषयीचे, हे विचारण्यासाठी आम्हांला ज्या घरांची दारे ठोठवावी लागली, तेथे आम्ही कित्येक वर्षांत गेलो नव्हतो.